दीड इंच बाहेर

खोपोली
९ फेब्रुवारी १९८६

ती. दाजींस,
जयवंताचा सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्या तशाच राहू द्या, वाचायला त्यांची अडचण होत नाही.

विशाखाचं लग्न एप्रिलमध्ये खालापूरला ठरलं, हे मला खोपोलीच्या बाजारात मासळीवालीनं सांगितलं. सख्ख्या मामाला मासळीवालीकडून कळावं, ही तुमच्या घरची रीत आता मला नवी नाही. माझी बहीण गेल्यापासून तुम्ही मला पाहुण्यांत धरत नाही आणि घरच्यांतही धरत नाही.

असो. मुद्दा गाडीचा. डॉक्टरांची जुनी फियाट मी घेतली ते तुमच्या कानावर आलंच असेल, कारण तुम्ही तिला डबा म्हणालात ते माझ्या कानावर आलं. जो माणूस पंधरा वर्षं कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाकावर उड्या खातोय, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला डबा म्हणू नये.

त्या डब्यातून मी भाचीला मांडवात आणणार आहे. त्यासाठी गाडीला मॅग व्हील घालतोय. सिनेमावाल्यांच्या गाड्यांना असतात ती, चांदीसारखी चकाकणारी. कुर्ल्याच्या भंगारबाजारात धाऊ म्हणून एकजण परदेशी गाड्या फोडतो. त्याच्याकडे दोन सेट आहेत. एक चौदा इंची, अरुंद, मूळ चाकाएवढाच, मडगार्डच्या आत गुमान बसणारा. दुसरा तेरा इंची, रुंद आणि परातीसारखा खोल. तो बाहेर येतो. धाऊ म्हणाला, ‘ऑफसेट बघून घ्या, मागनं माझ्या नावानं खडे फोडू नका.’ ऑफसेट म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना.

तुम्ही स्टोअर्सचे प्रमुख. दिवसभर नटबोल्टांची मापं काढता. तेवढं कळवा. माणसाचा उपयोग नसला तरी त्याच्या ज्ञानाचा होऊ शकतो.

जयवंता


मोहोपाडा, स्टाफ कॉलनी
१५ फेब्रुवारी १९८६

जयवंता,
जयभीम.

पत्रिका छापून आल्यावर तुला मिळणारच होती. पण तुमच्याकडे बातमी बोंबलाबरोबर पोचते, त्याला मी काय करणार?

ऑफसेट समजायला सोपा आहे, म्हणून तुलाही सांगतो. चाकाची रिंग म्हणजे एक रुंद पट्टा धर. बोल्ट जिथे बसतात ती पाटी पट्ट्याच्या बरोबर मध्यावर असली तर ऑफसेट शून्य. पाटी बाहेरच्या कडेकडे असली तर चाक गाडीच्या आत जातं. पाटी आतल्या कडेकडे असली, म्हणजे तुझ्या त्या परातीसारखी, तर चाक बाहेर येतं. बाहेर आलेलं चाक बेअरिंगवर वजन टाकतं, स्टिअरिंग जड करतं, आणि गाडी भरली की मडगार्डची कड टायरवर बसते. दिसायला मात्र चांगलं दिसतं म्हणतात. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण ज्यानं केली त्यानं तुला पाहिलं असावं.

घ्यायचाच असेल तर चौदा इंची घे. न घेतलास तर अधिक बरं.

आता दुसरं. भाचीला मांडवात आणायचं, हे कुठून काढलंस? मामानं मुलीला आणायचं, अंतरपाट धरायचा, हे सगळं आपण छप्पन सालानंतर सोडलं. आपल्या विधीत त्रिशरण आहे, पंचशील आहे, वधूवरांची वचनं आहेत. मामा नाही. मुलगी आपल्या पायांनी येते. आणि मोहोपाड्याहून खालापूरपर्यंत म्हणशील, तर इथल्या स्टँडवरची ॲम्बेसिडर मी ठरवली आहे. काळी आहे, साधी आहे, चाकं जागच्या जागी आहेत.

आपल्यात मुहूर्त नाही, पण वेळ म्हणजे वेळ. पत्रिकेवर ‘बरोबर अकरा वाजता’ असं छापतो आहे. विधी लावणारे रामभाऊ यांना बजावून ठेवलं आहे की कोणासाठीही थांबायचं नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. तुमच्या खोपोलीकरांना हे आधीच सांगून ठेव.

सहदेव ओव्हाळ


खोपोली
२३ फेब्रुवारी १९८६

दाजी,

तेरा इंची घेतली. तुमचं पत्र धाऊला वाचून दाखवलं आणि त्याच्यासमोर परातीवर बोट ठेवलं. मूळ चाकासारखंच दिसायचं, तर मूळ चाक काय वाईट होतं? तुम्हाला हे कळायचं नाही. तुम्ही नवा शर्टसुद्धा जुन्या शर्टाच्या रंगाचा घेता.

आता विधीचं. ते मला शिकवू नका. आमच्या बानं घरातले टाक आणि तसबिरी पाताळगंगेत सोडल्या, तेव्हा ती टोपली माझ्या डोक्यावर होती. नदीपर्यंत मीच नेली आणि रिकामी करून मीच परत आणली. सोडायचं ते आम्ही सोडलं. पण मामा म्हणजे काही टाक नव्हे, की टोपलीत घातला आणि पाण्यात सोडला.

पुतळी शेवटची दवाखान्यात होती, तेव्हा मला म्हणाली, ‘पोरीला सासरी धाडताना तू असशील ना रं?’ मी हो म्हणालो. तुम्ही तिथेच होता. औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावत होता. तुम्ही ऐकलं नसेल, कारण मापं काढताना माणसाला ऐकू येत नाही.

तुमच्या त्या ॲम्बेसिडरला सांगा, तिच्यातून मासळी आणायची. भाची माझ्या गाडीतून येईल.

जयवंता


मोहोपाडा
५ मार्च १९८६

जयवंता,

रविवारी तू गाडी मिरवत कॉलनीत आलास. हॉर्न तीनदा वाजवलास, एकदा वाजवूनही कॉलनी जागी झाली असती. मी आंघोळीला गेलोय असं तुला सांगितलं गेलं. आंघोळ सकाळीच झाली होती. पाहायचं ते मला खिडकीतून दिसत होतं.

तू आत विशाखाकडून चहा आणि कौतुक घेत होतास, तेवढ्या वेळात मी मागच्या दारानं जाऊन मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला. चाक दीड इंच बाहेर आहे. दोन्ही बाजूंनी. तुझी फियाट पुढून पाहिली की खेकडा वाटते. शेजारचे अकाउंट्सवाले म्हणाले, ‘पाहुण्यांची गाडी बसली का हो?’ मी म्हटलं, पाहुणेच बसलेत, गाडी उभी आहे.

हे माप रिकाम्या गाडीचं. गाडीत सहा माणसं बसव आणि मग पाहा. तू क्रेन चालवतोस, वजनानं काय होतं ते तुला माहीत असायला हवं होतं. पण क्रेनवाला वर बसतो, वजन खाली असतं.

पुतळी जे बोलली ते मी ऐकलं होतं. बाटल्या लावत होतो कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. पण तिनं तुला ‘अस’ म्हटलं, ‘चकाक’ म्हटलं नव्हतं.

सहदेव


खोपोली
१६ मार्च १९८६

दाजी,

मागच्या दारानं येऊन पाहुण्याच्या गाडीखाली वाकणारा माणूस, आणि तो मला रीत शिकवतो. छान आहे.

तरी तुमचं ऐकलं. आमच्या क्रेनवरचा नवशा आणि त्याच्या अंगापिंडाचे आणखी पाच गडी बसवले आणि शीळफाट्यापर्यंत नेऊन आणले. टायर घासला. लपवत नाही. तुमचा हिशोब बरोबर निघाला, आता चार दिवस जेवण गोड लागेल तुम्हाला.

पण तुम्ही रोग सांगून फी मागणारे, औषध माझ्याकडे. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगला एक पान जादा घातलं. गाडीची पाठ दोन बोटं वर आली. तेच सहा गडी पुन्हा बसवले, तोच रस्ता, तीच खड्ड्यांची जागा. टायर कुठेही लागत नाही. नवशा म्हणतो, ‘आता म्हस घाला आत, तरी चालंल.’

एकच झालं. मागून गाडी जरा उचलल्यासारखी दिसते. स्टँडवर येसाजी रिक्षावाला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘जयवंता, गाडी शिंकणार हाय का रं?’ लोक हसले. त्यांची अक्कल रिक्षाएवढीच.

तुम्ही आता काय कारण काढता ते बघतो.

जयवंता


मोहोपाडा
२४ मार्च १९८६

ती. मामास,
विशाखाचा सविनय जयभीम.

तुमची पत्रं बाबा वाचतात आणि मोठ्यानं फुरफुरतात, मग उत्तर लिहितात आणि तेही वाचून दाखवतात. भिंती पातळ आहेत, सगळ्या कॉलनीला ऑफसेट कळला आहे. माझ्या वर्गातली दोन मुलं अशी भांडली असती तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

लग्न माझं आहे, म्हणून ठरवते मीच. स्टँडवरच्या ॲम्बेसिडरवाल्याला नको म्हणून सांगून आले. मी तुमच्या गाडीतून येणार. बाबा पुढे तुमच्या शेजारी बसतील. मागे मी, भीमाआत्या आणि जिजामावशी. आंदणाची भांडी आणि कॉलनीतल्या बाया नागूच्या टेंपोतून येतील.

मांडवात मला उचलून न्यायचं नाही, पुढे घालूनही न्यायचं नाही. बाबा म्हणतात ते त्यात खरं आहे. पण मी वचन म्हणेन तेव्हा एका बाजूला बाबा आणि एका बाजूला तुम्ही उभे असायला हवे. आई असती तर तुम्ही दोघं कुठे उभे राहिला असता, याची मला पर्वा नाही. ती नाही, म्हणून दोघं हवे आहात. एवढंच मागणं आहे. चाकं कसली का असेनात.

तुमची
विशाखा


मोहोपाडा
३ एप्रिल १९८६

जयवंता,

मुलीनं ठरवलं आहे, मी मान्य केलं आहे. वीस तारखेला सकाळी नऊला गाडी दारात हवी. स्प्रिंगच्या जादा पानाचं तू लिहिलंस ते मी आमच्या मेंटेनन्सवाल्यांना विचारलं. उपाय वाईट नाही, असं ते म्हणाले. मला तो शिंप्याचा उपाय वाटतो, सदरा तोकडा झाला म्हणून माणसाला वाकायला सांगण्याचा.

सहा गडी बसवून शीळफाट्याला जाऊन आलास, हे तू म्हणतोस. पाहणारा मी नव्हतो. प्रत्यक्ष काय होतं ते त्या दिवशी दिसेलच.

सहदेव


कर्जत
२९ एप्रिल १९८६

ती. बाबा आणि ती. मामा यांस,
सविनय जयभीम.

हे पत्र खाली कार्बन घालून लिहिते आहे. एक प्रत मोहोपाड्याला, एक खोपोलीला. वरची प्रत कोणाला आली यावरून भांडू नका.

लग्नाच्या दिवशी काय झालं ते आपल्याला माहीत आहे, असं तुम्हा दोघांना वाटतं. तुम्ही निम्मंच पाहिलंत. तुमची डोकी चाकाखाली होती.

चौक गाव मागे पडलं आणि डाव्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज यायला लागला, मग रबर जळल्याचा वास. मामांनी गाडी कडेला घेतली. बाबा उतरले ते हसत उतरले. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. ‘सांगितलं होतं,’ ते म्हणाले, ‘दीड इंच.’ मामा म्हणाले, ‘इंचाचं काय नाय दाजी, वजनाचं हाय. डिकी उघडा आधी.’

डिकीत तांब्याचा बंब होता, आणि बंबाखाली पाटा-वरवंटा. ते आंदण टेंपोत जायचं होतं. डिकीत ते कोणी ठेवलं हे मामांनी विचारलं तेव्हा बाबा रस्त्याकडे बघत राहिले. बाबा, मी केस विंचरत खिडकीत उभी होते. पाटा उचलताना तुम्ही कण्हलात तेही मला ऐकू आलं. तुम्हाला मामांची गाडी तपासायची होती. माझ्या लग्नाच्या दिवशी, मी आत बसलेली असताना.

मग बाबा वाकले आणि त्यांनी स्प्रिंगची पानं मोजली. जादा पान नव्हतं. मामा, तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे. ‘काढलं काल. लग्नाच्या गाडीनं शिंकल्यासारखं दिसायला नको.’ एका रिक्षावाल्याच्या हसण्यासाठी तुम्ही ते काढलंत. जीव गेला तरी चालेल, पण दिसायला चांगलं हवं.

तेवढ्यात मागून नागूचा टेंपो आला. आत्या, मावशी आणि मी त्यात चढलो. मी तुम्हाला चला म्हटलं. दोघं एकदम म्हणालात, ‘तू हो पुढं, आलोच.’ इतक्या वर्षांत तुमचं एकमत झालं ते तिथे.

मांडवात मी रामभाऊंना थांबा म्हटलं. ते म्हणाले, ‘पोरी, तुझ्याच बापानं बजावलंय, माज्यासाटी पन थांबायचं नाय. आनि तो शब्दाचा पक्का मानूस हाय.’ अकराला विधी सुरू झाला. मुलीकडून कोण उभं राहणार, असं त्यांनी विचारलं. भीमाआत्याला गुडघ्यांमुळे उभं राहवेना, जिजामावशी तुमची वाट बघत बाहेर रस्त्यावर होती. नागू हारांची परडी धरून उभा होता, लोकांनी त्यालाच पुढे ढकललं. फोटो आले आहेत. मी वचन म्हणते आहे आणि माझ्या शेजारी नागू आहे. त्याच्या खांद्यावर टॉवेल आहे. तो रडतो आहे, का ते देव जाणे, म्हणजे कोणीच नाही जाणत.

माझ्या दुसऱ्या बाजूला कोणी नाही.

तुम्ही आलात तेव्हा बुंदी वाढत होते. दोघांचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, आणि तुम्ही अजून ऑफसेटचंच बोलत होता. यांच्या आजी तुमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘यांना पन वाडा गं, गाडी दुरुस्त कराया आलेत ना ही दोघं?’ मी नाही म्हणाले नाही.

आईच्या जागी तुम्ही उभे राहणार होतात, एक तिचा नवरा, एक तिचा भाऊ. मी दुसरं काही मागितलं नव्हतं. मला तुमचा राग येत नाही, हे लिहिताना मलाच नवल वाटतं. मला तुमची लाज वाटते.

इकडे सगळे चांगले आहेत. शाळेत बदलीचा अर्ज दिला आहे.

विशाखा


खोपोली
७ मे १९८६

दाजी,

माझ्याकडे वरची प्रत आली. हे मी सांगणार नव्हतो, पण तुम्हाला सांगायला दुसरं काही नाही.

चाकं काढली. जुनी काळी घातली. मॅग व्हील खाटेखाली पडून आहेत, बायको रोज विचारते, विकायची की त्यात कोंबड्या पाळायच्या? गाडी आता तुम्ही म्हणता तशीच दिसते. येऊन बघा आणि पोटभर हसा.

पाटा ठेवणाऱ्या माणसाला मी माफ करणार नाही. आपल्या पोरीच्या गाडीत धोंडा घालणारा बाप मी जन्मात पाहिला नव्हता. तुमच्या डोक्यात बुद्धीच्या जागी ओळंबा आहे.

पण पान मी काढलं. पुतळीला हो म्हणालो होतो मी, आणि रस्त्याच्या कडेला तुमच्याशी भांडत बसलो. नागूला बाजारात पाहिलं की मी दुसऱ्या गल्लीनं जातो. तो मला वाकून जयभीम घालतो, ते अजून वाईट.

विशाखाला तीन कार्डं घातली. उत्तर नाही. तुम्हाला आलं असेल तर मला कळवू नका. नसेल आलं तर कळवा.

जयवंता


मोहोपाडा
१५ मे १९८६

जयवंता,
जयभीम.

मला कार्बनची प्रत आली. त्यात नवल नाही.

तुझं चाक दीड इंच बाहेर होतं हे मी आजही म्हणेन आणि मरेपर्यंत म्हणेन. तुझ्यासारखा दिखाऊ माणूस या तालुक्यात दुसरा नाही. पण पाटा मी ठेवला. बंब आणि पाटा मी कर्जतला पोचवून आलो, एसटीच्या टपावर टाकून. ती बाजारात गेली होती. दारात ठेवून परतलो. आजीबाईंनी मला ओळखलं, म्हणाल्या, ‘गाडी झाली का दुरुस्त?’

काल तिचं कार्ड आलं, मला एकट्याला नव्हे, दोघांच्या नावानं, माझ्या पत्त्यावर. रविवारी सकाळच्या एसटीनं माहेरी येते आहे. चौकला उतरेल. तिथून चालत नाहीतर टेंपोनं येईन, कोणीही घ्यायला येऊ नये, असं तिनं लिहिलं आहे. ‘कोणीही’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे.

मी जाणार आहे. ती ओरडली तर ओरडू दे. तूही ये. लवकर ये, पहिल्या एसटीच्या आधी आपण दोघं तिथे उभे असलो पाहिजे.

गाडी आणू नकोस.

सहदेव